सर्वांना प्रीतिभोजनाचे आमंत्रण

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघण्याचा माझा स्वभाव नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे. आसनगावपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही पाटीवर ह्रस्व-दीर्घाची चूक दिसली की माझं डोकं फिरतं. 'येथे ताजे दुध मिळेल' असं लिहिणाऱ्या एका दूधवाल्याला मी स्टुलावर चढवून उकार बदलायला लावला होता. तेव्हापासून मी दिसले की तो दुकानात आत जातो.

म्हणून मंडळीची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं, वीस-बावीस घरं. आसनगाव स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटरवर आमचं घर आहे. अंगणात पत्र्याची शेड आहे आणि दर रविवारी तिथे उपासना होते. मी आणि माझा नवरा जन्मानं बौद्ध. मुलगी बारा वर्षांची असताना तापानं फणफणली, तेव्हा कल्याणच्या एका दवाखान्यात अकरा दिवस काढले. तिथली एक नर्स ड्यूटी संपली तरी घरी जायची नाही, मुलीच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत बसायची. आम्ही तिचे कोण लागत होतो? एवढं कशासाठी करता, असं मी विचारलं, तर म्हणाली, "माझ्यासाठी पण कुणीतरी केलंय." ती कुणाबद्दल बोलत होती ते कळायला मला चार वर्षं लागली. मग आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला.

आमचे पाळकसाहेब कल्याणहून मोटरसायकलवर येतात. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, पण मी त्यांना साहेबच म्हणते. ही गोष्ट घडली त्या वर्षी फेब्रुवारीत ते चार रविवार एकाच गोष्टीवर बोलले. देवाचं प्रेम आपली लायकी तपासून सुरू होत नाही; आपण पाठ फिरवून उभे असतो तेव्हाच ते आपल्याकडे यायला निघालेलं असतं; आणि ज्याला हे कळलं त्यानं दुसऱ्या माणसाशी तसंच वागायचं. पाचव्या रविवारी म्हणाले, बोलणं पुष्कळ झालं, आता गावाला बोलावून एका पंगतीला जेवू. भाषण नाही, पत्रकं नाहीत, नुसतं जेवण. अशा जेवणाला आमच्यात प्रीतिभोजन म्हणतात.

त्यांनी कागदावर 'प्रितीभोजन' असं लिहून आणलं होतं. एका शब्दात दोन चुका! मी त्यांना समोर बसवलं आणि 'प्री' दीर्घ का आणि 'ति' ह्रस्व का ते समजावून सांगितलं. त्यांनी 'पण नुसतं प्रीती लिहिताना तर शेवट दीर्घ होतो' असा मुद्दा काढला. मी समासाचा नियम काढला. वीस मिनिटं आमची वेलांट्यांवरून जुंपली होती. त्या वीस मिनिटांत आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आख्ख्या तालुक्यात हा शब्द फक्त एकाच ठिकाणी वाचायला मिळतो, तो म्हणजे लग्नपत्रिकेच्या तळाशी. 'प्रीतिभोजन: दुपारी १२ ते आपल्या आगमनापर्यंत.' मी स्वतः अशा शेकडो पत्रिका वाचल्या आहेत, चुका काढत काढत.

पाटी मात्र सुरेख झाली. 'प्रीतिभोजन. येत्या रविवारी दुपारी साडेबारा वाजता. स्थळ: बाईंचे अंगण. सर्वांना आग्रहाचे आमंत्रण.' भोवती मी पानाफुलांची वेल काढली. वरच्या कोपऱ्यात पवित्र आत्म्याचं चिन्ह म्हणून कबूतर काढलं. एकच कोपरा भरलेला बरा दिसेना, म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातही एक काढलं. दोघांची तोंडं एकमेकांकडे. नवऱ्यानं ती पाटी पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टांगली. दिवस लगीनसराईचे होते.

इथे एक सांगायला हवं. मुरबाडच्या पलीकडे, माझ्या माहेरी, माझा सख्खा मोठा भाऊ राहतो. शेती करतो. आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. का बंद झालं, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, मी ख्रिस्ती झाले ते त्याला सहन झालं नाही. ऐकणारा हळहळायचा, मला श्रद्धेसाठी बरंच सोसलेली बाई समजायचा, आणि मलाही तसं समजून घ्यायला आवडायचं. 'सर्वांना' हा शब्द मी जाड कुंचल्यानं, लाल रंगात लिहिला. लिहिताना भावाची आठवण आली नाही. निरोप द्यावा की देऊ नये असा प्रश्न पडला असता तरी एक वेळ ठीक होतं, पण तेवढंही झालं नाही.

रविवार उजाडला. सत्तर माणसांचा अंदाज धरून कोंबडीचा रस्सा, भात, तांदळाच्या भाकऱ्या आणि न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं असा बेत होता. माझा नवरा रेल्वेत आहे, कसाऱ्याला, पण रजा टाकून तो पहाटेपासून चुलीपाशी होता. मुलगी कल्याणच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. ती जुना गाऊन घालून, केसांचा बुचडा बांधून, अंगणात कांदे चिरत बसली होती. सव्वाअकराच्या सुमाराला शेजारची आजी आली. भातशेतीवालं घर, स्वभावानं मोकळी बाई. अंगावर ठेवणीतली साडी, हातात नारळ आणि खण.

"नवरी कुठंय गो?" तिनं विचारलं.

"कुणाची नवरी?"

"कुणाची म्हंजे? तुमची पोर. आमाला हळदीला नाय बोलावलं, जाऊं दे, तुमच्यात हळद नसंल. पन नवरा तरी दाखवा."

आजीची नजर तेवढ्यात मुलीवर गेली. कांद्यानं तिचे डोळे लाल झालेले, नाक गळतंय. आजीनं तिच्याकडे अशा दयेनं बघितलं की मुलगी सुरी घेऊनच उभी राहिली. "आई, काय चाललंय?" तिनं विचारलं. मला काय चाललंय ते नेमकं त्याच क्षणी कळत होतं.

कारण फाटकातून माणसं यायला लागली होती. ठेवणीतले कपडे घातलेली, हातात आहेर घेतलेली. कुणी स्टीलचा डबा आणला होता, कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी ब्लाउजपीस. गिरणीवर चार दिवस जी चर्चा झाली होती ती मला तिथेच तुकड्यातुकड्यांनी ऐकायला मिळाली. बाईंच्या मुलीनं कोर्टात लग्न केलंय. मुलगा कल्याणचा आहे, बहुतेक दुसऱ्या जातीतला. म्हणून तर पत्रिका नाहीत, नुसती पाटी. पण बाईंनी मन मोठं केलं, जेवण ठेवलं. दोन कबुतरं पण काढलीत बघा.

मी फाटकाशी धावले. "लग्न नाही हो, लग्न नाही!" असं प्रत्येकाला सांगू लागले. त्यानं काम आणखीनच बिघडलं. "मोडलं?" एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली. "आयत्या टायमाला? काय मेला मानूस!" आणि न झालेल्या जावयाला माझ्या अंगणात शिव्या सुरू झाल्या. दुसरी मला मिठी मारून रडायला लागली. माझी मुलगी घरात निघून गेली आणि तिनं आतून कडी लावली.

साडेबारापर्यंत दीडशे माणूस जमलं. आमच्या मंडळीतले लोक शेडच्या कडेला उभे राहून पातेल्यांकडे बघत होते. त्यांची कुजबुज मला ऐकू येत होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच होतं. पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "एवढ्यांना कुणी बोलावलं?"

"तुम्हीच," ते म्हणाले. "तुमच्याच अक्षरात." मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि भाताचं घमेलं उचललं. "आली आहेत ती जेवायलाच आली आहेत ना, बाई? वाढा."

आम्ही वाढलं. आधी गाव, मग मंडळी, असं त्यांनी ठरवून टाकलं. तीन पंगती उठल्या. तिसऱ्या पंगतीला रस्सा संपला. मी घामाघूम होऊन पातेलं वाकडं करून बघत होते, तेवढ्यात किन्हवलीकडून येणारी एक जीप फाटकाबाहेर थांबली आणि तिच्यातून एक म्हातारा उतरला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काखेत कापडी पिशवी. कुणाच्या घरचा असेल असा विचार करत मी बघत राहिले. तो चार पावलं पुढे आला तेव्हा मी हबकले. तो माझा भाऊ होता. माझ्या डोक्यात तो नऊ वर्षांपूर्वीचा होता, काळ्या केसांचा. हा पूर्ण पिकला होता आणि डावा पाय जपून टाकत होता.

हा भांडायला आला, आता सगळ्या गावासमोर माझी शोभा होणार, हे पहिलं माझ्या मनात आलं. चार रविवार देवाच्या प्रेमावरचे उपदेश मी पहिल्या रांगेत बसून ऐकले होते.

त्यानं सवयीनं हात जोडून सगळ्यांना "जयभीम" म्हटलं. मी ते म्हणणं सोडून दिलं होतं. माझं तोंड उघडायच्या आत पाळकसाहेबांनी भाताचं घमेलं खाली ठेवून "जयभीम, या" असं म्हटलं आणि त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मांडव नाय घातला?" त्यानं मला विचारलं. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. "पाटीचा फोटो आला मोबाइलवर, गावच्या ग्रूपला. कुनी नाव नव्हतं टाकलं, पन तुझं अक्षर मी वळखत नाय का? वैनीचे गुडघे धरलेत, ती नाय आली. पोर कुठंय?"

मुलगी आवाज ओळखून कडी काढून दारात आली होती. त्यानं पिशवीतून एक साडी काढली. पांढरी शुभ्र, बारीक सोनेरी काठांची. शेजारची आजी न राहवून म्हणाली, "अगो बाय, पांढरी? लग्नात?"

तो तिच्याकडे बघून हसला. मग मला म्हणाला, "आपल्यात नवरी पांढऱ्यात. तुमच्यात पन पांढऱ्यातच ना? मी मुरबाडला दुकानदाराला विचारून घेतलं. म्हटलं बरं झालं, ह्यात चुकायचं नाय."

माझा धर्म सहन न होणारा माणूस म्हणून ज्याची गोष्ट मी जगाला सांगत होते, तो मुरबाडच्या बाजारात ख्रिस्ती नवरी काय नेसते याची चौकशी करत फिरला होता.

"दादा, लग्न नाय रे," मी म्हणाले. माहेरची बोली आपोआप आली. "पोरीचं कायबी ठरलं नाय. लोकांना चुकून वाटलं."

तो हातातल्या साडीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरलेला मला बघवेना. "मामा नाय म्हंजे कसं, म्हनून आलो," तो हळू म्हणाला. "भाचीच्या लग्नाला बोलावनं आलं नाय म्हनून मामा घरी बसत नाय. तुझा राग तुझ्यापाशी." थोड्या वेळानं त्यानं भोवतालच्या पत्रावळींकडे बघितलं. "मंग ह्ये जेवन कसलं?"

मी मास्तरीण. प्रश्न आला की उत्तर देते. मी सांगू लागले की आम्ही याला प्रीतिभोजन म्हणतो, देव माणसाची लायकी बघून प्रेम करत नाही, तो आपण होऊन आधी करतो, म्हणून आम्हीसुद्धा सगळ्यांना एका पंगतीला बसवतो, कुणालाच वगळत नाही.

"कुनालाच?" त्यानं विचारलं.

टोमणा नव्हता. वर्गातल्या एखाद्या मुलाला नियम नीट समजला नाही की तो जसा परत विचारतो, तसं त्यानं विचारलं होतं. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

आता खरं काय झालं होतं ते लिहिते. भावानं बोलणं बंद केलं नव्हतं. आमची आई वारली. माझा बाप्तिस्मा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि नव्या माणसाला जो ताठा येतो तो मला भरपूर आला होता. दुसऱ्या धर्माच्या विधीतलं अन्न खाऊ नये, असं मी कुठल्याशा सभेत एका पाहुण्या उपदेशकाकडून ऐकलं होतं. आमच्या पाळकसाहेबांना विचारायची तसदी घेतली नाही. आईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे माणूस गेल्यावरच्या बौद्ध विधीला, सगळे उभे राहून हात जोडून त्रिसरण म्हणत होते, मी एकटी बसून राहिले. मग जेवण वाढलं. भावानं स्वतः माझ्यासमोर ताट ठेवलं. आईला आवडायची म्हणून केलेली लाल भोपळ्याची भाजी होती. मी ताट हातानं पुढे सरकवलं, "मला चालत नाही" असं म्हटलं आणि उठले. भरल्या पंगतीतून, आईच्या नावाच्या जेवणावरून उठून एसटी पकडली. त्यानंतर त्यानं दोनदा फोन केला होता. तो भांडायलाच करत असणार असं समजून मी उचलला नाही. एवढंच. बाकीची सगळी कहाणी मी रचलेली होती, आणि इतक्या वेळा सांगितली की मलाच ती खरी वाटायला लागली होती.

भाऊ साडीची घडी घालत होता. आता हा निघणार, असं मला वाटलं. माझ्यासारखाच, न जेवता. तसं त्यानं केलं असतं तर मला बोलायला तोंड नव्हतं. मुलगी पुढे आली आणि तिनं त्याच्या हातातून साडी काढून घेतली. "मामा, ही मी ठेवते. आज ना उद्या लागेलच," ती म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदाच ती हसली.

"आलोय तर जेवून जातो," भाऊ म्हणाला. पाय दुमडायला त्रास होत होता तरी खुर्ची बाजूला सारून तो खाली सतरंजीवरच बसला, शेवटच्या पंगतीत, आमच्या मंडळीच्या लोकांबरोबर.

मंडळीला थोडं थोडं वाढल्यावर पातेल्यात काय उरलं होतं? खरवडून काढलेला, थोडा करपलेला भात. तळाचं बिरडं. अर्धी भाकरी. गावाला पोटभर जेवू घालून माझ्या भावाच्या पत्रावळीवर मी हे वाढलं. त्यानं एकदा वर बघितलं आणि खायला सुरुवात केली. मी समोर उकिडवी बसले. "दादा, त्या दिवशी आईच्या जेवनाला," एवढं कसंबसं बोलले.

"तुझं ताट टाकलं नाय मी," तो म्हणाला.

"म्हंजे?" मी विचारलं.

"समदे उठले. तुझं ताट तसंच व्हतं, भरलेलं. आईच्या नावाचं, तुझ्यासाठी वाढलेलं. कुत्र्यापुढं कसं टाकू? मंग मीच तुझ्या जागेवर बसलो आन् खाल्लं. पोट भरलं व्हतं, तरी खाल्लं." त्यानं भात कालवला. "वालाला चव आईसारखीच आलीय. हाय का अजून?"

मी उठून पातेल्याकडे गेले. चमच्यानं तळ खरवडत राहिले, तिथे काहीच नव्हतं तरी. नवरा जवळ येऊन काय झालं म्हणून विचारत होता.

जेवणं झाल्यावर पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची प्रार्थना करायला मलाच सांगितलं. प्रार्थना मीच करते, आवाज खणखणीत आहे म्हणून. मी उभी राहिले. मंडळी उभी राहिली, डोळे मिटले गेले. भाऊ बसूनच होता, खरकट्या हातानं, आमच्याकडे बघत. गेली नऊ वर्षं माझ्या प्रार्थनेत एक वाक्य ठरलेलं असायचं आणि मंडळी त्याला दर रविवारी मोठ्यानं साथ द्यायची. देवा, माझ्या भावाला क्षमा कर. सवयीनं ते माझ्या तोंडाशी आलं. 'देवा' म्हणून झालं, 'माझ्या भावाला' म्हणून झालं, आणि पुढे जाता येईना. माझे डोळे उघडेच होते. शेडमध्ये सगळे वाट बघत होते.

"दादा, मला माफ कर," मी म्हणाले.

आणि डोळे मिटून उभ्या असलेल्या साऱ्या मंडळीनं नेहमीसारखं मोठ्यानं आमेन म्हटलं.